डब्यावर मास्टरचं साल छापा

गेल्या महिन्यात माझा आतेभाऊ आणि वहिनी न्यू जर्सीहून आले, येताना बाबांसाठी दोन जुन्या वेस्टर्न सिनेमांच्या डीव्हीडी घेऊन आले. कोऱ्या करकरीत, वेष्टनही न फाडलेल्या, अगदी अलीकडे नव्याने बाजारात आणलेल्या. चहा उकळेपर्यंत घरात वाद पेटला. माझा मुलगा म्हणाला, टीव्ही फोर-के झाला, हातातला फोन फोर-के शूट करतो, आणि हे हॉलिवूडवाले अजून १९९७ सालच्या डिस्कवर सिनेमे विकतायत, शिळ्या कढीला ऊत आणायचे धंदे आहेत सगळे. वहिनी म्हणाली, मुळात डिस्क हवीच कशाला, ओटीटीवर सगळं मिळतं की. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी नखाने वेष्टन फाडलं, डिस्क कडेने धरून प्लेअरमध्ये ठेवली आणि रिमोट शोधायला लागले.

हे दोन्ही पक्ष मी कित्येक वर्षं ऐकतोय. सिनेमावाल्या मित्रांत बसलं की कोणीतरी म्हणतंच की स्टुडिओ लोभी आणि आळशी आहेत, लगेच दुसरा म्हणतो डिस्क मेली, तिला आता मूठमाती द्या. माझं मत असं आहे की दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. जुना सिनेमा डीव्हीडीसारख्या जुन्या फॉरमॅटवर पुन्हा काढण्यात काहीच चूक नाही, बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं आणि बघणाऱ्याच्या सोयीचंही असतं. चूक आहे ती पंचवीस वर्षांपूर्वीच्या मास्टरवरून ती काढण्यात, आणि ते गिऱ्हाइकाला न सांगण्यात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आपण सगळे पोहरा पत्र्याचा की तांब्याचा यावर हमरीतुमरीवर आलोय, आडात वाकून कोणी बघतच नाहीये.

मास्टर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. सिनेमा फिल्मवर शूट झालेला असतो, ती निगेटिव्ह किंवा तिच्यावरून काढलेली प्रत मशीनमधून फिरवून एकदा व्हिडिओत उतरवतात, रंग ठरवतात, ओरखडे साफ करतात, आवाज जोडतात, आणि मग डीव्हीडी असो, ब्लू-रे असो, ओटीटी असो, टीव्ही चॅनल असो, सगळ्यांना त्याच एका उतरवलेल्या प्रतीवरून माल जातो. नव्वदच्या दशकात हे काम टेलिसिने मशीनवर व्हायचं, बऱ्याचदा मूळ निगेटिव्ह न घेता तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतीवरून, आणि उतरवायचं ते त्या काळच्या टीव्हीच्या मापाने. आज तीच निगेटिव्ह फोर-केला स्कॅन करता येते, एकेक फ्रेम. म्हणजे एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी बाहेरून सारख्या, वजनाला सारख्या, एकीच्या मागे १९९८ चा टेलिसिने आणि दुसरीच्या मागे कालपरवाचा स्कॅन. हा फरक डिस्कच्या नावात कुठेच दिसत नाही.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. डीव्हीडीचं चित्र अमेरिकेत ७२० बाय ४८०, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६. फोर-केचं ३८४० बाय २१६०. भागाकार केला तर अमेरिकन डीव्हीडीच्या एका फ्रेमच्या चोवीसपट ठिपके (पिक्सेल) फोर-केच्या फ्रेममध्ये असतात. पासष्ट इंची टीव्हीवर, चार-पाच फुटांवर बसून बघितलं तर हा फरक शेंबड्या पोराला पण कळतो, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. ब्लू-रे २००६ साली आली, फोर-के डिस्क २०१६ साली, म्हणजे नवीन पर्याय नव्हता अशी सबबही चालणार नाही. आणि स्टुडिओ पैशासाठीच करतात हेही खरं, ते काही धर्मादाय संस्था नाहीत. माझ्या मुलाचा राग त्यामुळे बिनबुडाचा नाही, फक्त चुकीच्या दारावर जाऊन धडकलाय.

कारण पहिला प्रश्न हा विचारा की ती डिस्क चालवणार कोण आणि कशावर? डिस्क ज्या देशांच्या गटासाठी काढली तो गट, म्हणजे रिजन, जुळला की १९९७ नंतर बनलेल्या कुठल्याही डीव्हीडी प्लेअरवर डीव्हीडी चालते, ब्लू-रे प्लेअरवर चालते, फोर-के प्लेअरवर चालते, २००० साली आलेल्या प्लेस्टेशन टूवर चालते, जुन्या लॅपटॉपवर चालते, गाडीच्या मागच्या सीटवरच्या स्क्रीनवर चालते. ब्लू-रेचं तसं नाही, ती डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर प्लेअर नुसता घरघरतो आणि डिस्क बाहेर ढकलतो. अमेरिकेत गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकांसारख्याच डीव्हीडी घरी नेता येतात, आणि तिथला ग्रंथपाल जेव्हा एकच प्रत घेऊ शकतो तेव्हा तो जी सगळ्यांच्या घरी चालेल तीच घेणार. जुने सिनेमे विकत घेणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा ज्याने तो सिनेमा तरुणपणी थिएटरात बघितलाय तो. माझ्या बाबांनी हे वेस्टर्न साठच्या दशकात कॉलेज बुडवून पुण्याच्या कॅम्पातल्या वेस्ट एंडला बघितले. त्यांचा प्लेअर साधा आहे, सगळ्या रिजनच्या डिस्क गिळतो. भावाने ब्लू-रे आणली असती तर ती आमच्या टीव्हीखाली शोभेला राहिली असती. अमेरिका ब्लू-रेच्या रिजन ए मध्ये, भारत सी मध्ये, म्हणजे नवीन प्लेअर आणला असता तरी चाललीच असती याची खात्री नाही.

याला जुना आणि आपल्या घरातला दाखला आहे. पाश्चात्त्य देशांत ७८ आरपीएमच्या तबकड्या साठच्या सुमाराला जवळजवळ बंद झाल्या, लाँग-प्ले आणि ४५ च्या छोट्या तबकड्यांनी त्यांची जागा घेतली. भारतात मात्र कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून त्या पुढेही कित्येक वर्षं निघत होत्या, इतक्या की बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे ७८ वर निघाली, आणि आज जगभरातले संग्राहक त्या भारतीय तबकड्या शोधत फिरतात. हा काय कंपनीचा आळशीपणा होता? अहो, गावाकडे वीजच नव्हती. चावीचा ग्रामोफोन ७८ वर चालायचा, आणि ज्याच्या घरी चावीचा ग्रामोफोन त्याला लाँग-प्ले देऊन तो काय त्याची पूजा करणार होता? त्याहून मागे जायचं तर पोथ्या बघा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत टाइपचे छापखाने आणि शिळाप्रेस रुळले, बांधीव पुस्तकं निघायला लागली, तरी छापखान्यांनी धार्मिक ग्रंथ सुट्या, आडव्या पानांच्या पोथीच्या आकारातच छापले, आणि गुरुचरित्र आजही त्या आकारात दुकानात मिळतं. पारायणाला बसणाऱ्याच्या समोर चौरंग आहे, एकेक पान उचलून पालथं ठेवायची त्याच्या हाताला सवय आहे. फॉरमॅट हा नेहमी वापरणाऱ्याच्या घरात जे यंत्र, जी सवय, जी जागा आहे तिला धरून टिकतो, बाजारात नवीन काय आलंय त्याला धरून नाही.

दुसरं कारण पैशाचं, आणि इथे लोक फार ढोबळ बोलतात. "ब्लू-रे काढायला असा काय खर्च येतो, दोन-चार रुपये जास्त" असं मला एका शिकल्यासवरल्या मित्राने ऐकवलं. प्लास्टिकचा खर्च थोडाच जास्त आहे हो, प्रश्न प्लास्टिकचा नाहीच. कारखान्यात छापलेल्या व्यापारी ब्लू-रेला एएसीएस नावाचं कुलूप लावणं सक्तीचं आहे आणि त्याची परवाना फी भरावी लागते, डीव्हीडीचं कुलूप लावायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी. डीव्हीडीत चित्र ज्या एमपेग-टू पद्धतीने भरतात तिची अमेरिकेतली पेटंटंसुद्धा २०१८ साली संपली. आता एखादा १९४० सालचा दुय्यम दर्जाचा गुन्हेपट घ्या, ज्याचे अख्ख्या जगात मिळून काही शे लोक चाहते आहेत. त्याच्यासाठी नवा स्कॅन, रंगकाम, कुलुपाची फी, छपाईची किमान संख्या हे सगळं धरलं तर तो बाहेर पडणारच नाही. मार्च २००९ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने यावर एक तोड काढली, वॉर्नर आर्काइव्ह. १५० सिनेमांपासून सुरुवात, किंमत १९.९५ डॉलर, ऑर्डर आली की एक डीव्हीडी-आर लिहायची आणि पोस्टाने पाठवायची. गोदाम नाही, उरलेला माल नाही. वॉर्नरच्या ताब्यात एमजीएम या स्टुडिओचे १९८६ पूर्वीचे आणि आरकेओ या जुन्या स्टुडिओचे सिनेमे आहेत, हजारो, त्यातले किती तरी व्हीएचएसवरसुद्धा कधी आले नव्हते. लोकांनी तेव्हाही नावं ठेवली, घरच्या कॉम्प्युटरवर लिहितात तसल्या डिस्कचे वीस डॉलर कसले घेता म्हणून, आणि रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली डिस्क छापलेल्या डिस्कइतकी टिकत नाही ही त्यांची भीतीही खरी होती. पण त्याशिवाय ते सिनेमे बघायला मिळाले असते का?

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. आक्षेप असा की एकदा डीव्हीडी काढली की स्टुडिओ हात झटकतो, "दिला ना सिनेमा" म्हणतो, आणि चांगल्या प्रतीची वाट कायमची बंद होते. ऐकायला पटतं. पण घडलं काय ते बघा. त्याच वॉर्नर आर्काइव्हने २०१२ पासून ब्लू-रे काढायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे तर मूळ निगेटिव्हवरून नवे स्कॅन करून काढल्या, ज्या आज जुन्या अमेरिकन सिनेमाच्या सर्वोत्तम डिस्कमध्ये गणल्या जातात. वीस डॉलरची लिहिलेली डिस्क विकत घेणाऱ्या त्या थोड्या लोकांनीच दाखवून दिलं ना की गिऱ्हाईक आहे. उलट जो सिनेमा डीव्हीडीवर कधी आलाच नाही, त्याला त्या उपासाचं फळ म्हणून थेट फोर-के मिळाली असं किती वेळा झालंय? विक्रीचा आकडा शून्य असलेल्या सिनेमावर पैसे घाला असं कुठलाही हिशेबनीस सांगणार नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ती गत आहे, पण विटेवर विठोबा उभा राहतो हेही आपल्याला ठाऊक आहे.

आणि काही वेळा तर डीव्हीडी हेच वरचं टोक असतं. स्टार ट्रेकची १९८७ ते ९४ ची मालिका ३५ एमएम फिल्मवर शूट झाली, पण तिचं संकलन आणि स्पेशल इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर झाले, म्हणजे पूर्ण झालेला एपिसोड फिल्मवर अस्तित्वातच नव्हता. ब्लू-रेसाठी २०१२ ते १४ मध्ये मूळ निगेटिव्हचे तुकडे शोधून सातही सीझन पुन्हा नव्याने जुळवावे लागले, इफेक्ट्स पुन्हा करावे लागले. डोंगराएवढं काम, आणि विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. नंतरची डीप स्पेस नाइन तशाच पद्धतीने बनलेली, तिच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, ती आजही डीव्हीडीवरच आहे. आता तिची डीव्हीडी पुन्हा छापली तर शिव्या कोणाला द्यायच्या? २००२ चा ट्वेन्टी एट डेज लेटर हा सिनेमा शेवटचा भाग सोडला तर जवळजवळ सगळा मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर शूट झालाय, म्हणजे त्याच्या मूळ चित्रातच डीव्हीडीइतके ठिपके आहेत, तो फोर-केवर काढला तरी ठिपके आणणार कुठून? शिवाय गाण्यांचे हक्क असतात. ज्या काळात घरी डिस्कवर सिनेमा बघणं हा प्रकारच नव्हता त्या काळातल्या करारात त्याची तरतूद कुठून असणार? डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी ही रेडिओ स्टेशनवरची मालिका २००७ साली डीव्हीडीवर आली तेव्हा तिच्यातली कित्येक मूळ गाणी बदलून दुसरंच संगीत भरलेलं होतं, आणि जिच्या प्रसंगाचा जीवच त्या गाण्यात होता तिथे काय उरलं असेल विचार करा.

मग माझं भांडण कशाशी आहे? तर इथे, आमच्या टीव्हीसमोर. बाबांनी पहिली डीव्हीडी लावली. वाळवंट, घोडा, टोपीखालून बघणारा चेहरा, गालावरचे धुळीचे कण, आणि वर निळं आभाळ, खरोखर निळं. माझा मुलगा पण फोन ठेवून बघायला लागला, म्हणाला ही डीव्हीडी आहे? हो, डीव्हीडीच आहे, पण मागे स्कॅन नवा असणार. वरच्या दर्जाच्या मास्टरवरून खाली उतरवलेलं चित्र ४८० ओळींतसुद्धा स्थिर असतं, रंग धरून असतं, फ्रेमच्या कडा कापलेल्या नसतात. दुसऱ्या दिवशी दुसरी लावली. त्याच काळातला, तसाच वाळवंटातला सिनेमा. चित्र टीव्हीच्या मधोमध एखाद्या पोस्टकार्डासारखं, चारही बाजूंनी काळं. प्रत्येक टोपीच्या कडेला पांढरी रेघ, जशी कोणी पेन्सिलीने गिरवलीय, कारण त्या काळी चित्र धारदार वाटावं म्हणून मशीनवर कडा ताणायचे. बाबा म्हणाले, "याचं आभाळ पांढरं का रे? वेस्ट एंडला निळं होतं." साठ वर्षांपूर्वीचं आभाळ त्यांना आठवत होतं आणि ते बरोबर होते.

ते पोस्टकार्डाएवढं चित्र का दिसतं ते सांगतो, कारण यात खरी फसवणूक आहे. पहिल्या पहिल्या डीव्हीडींमध्ये रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात वरखाली काळ्या पट्ट्या टाकून बसवायचे. उंचीच्या २.३५ पट रुंद सिनेमा असा बसवला तर ४८० ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राला मिळतात सुमारे २७२, बाकीच्या काळ्या पट्टीत जातात. नंतर अ‍ॅनामॉर्फिक पद्धत रुळली, चित्र आडवं दाबून भरायचं आणि टीव्हीने ते पसरायचं, त्यात तोच सिनेमा सुमारे ३६३ ओळींत बसतो. म्हणजे डिस्क तीच, प्लेअर तोच, नुसतं मास्टर नीट केलं तर एक तृतीयांश ओळी फुकटात वाढतात. हे सगळ्यांना ठाऊक असूनही जुनंच मास्टर नव्या कव्हरात घालून विकायचं याला मी काय म्हणू? जेम्स कॅमेरॉनच्या द अ‍ॅबिसची डीव्हीडी २००० साली अशीच बिनअ‍ॅनामॉर्फिक आली, आणि डिस्कवरचं पुढचं पाऊल पडलं थेट २०२४ मध्ये, फोर-केवर. मधली चोवीस वर्षं त्या सिनेमाच्या चाहत्यांनी तेच पोस्टकार्ड बघितलं. इथे रागवा, मी तुमच्याबरोबर आहे.

पण नवीन फॉरमॅट म्हणजे चांगलं मास्टर असं धरून चालणारे पुढच्याच वळणावर आपटतात. द अ‍ॅबिसबरोबरच २०२४ साली कॅमेरॉनचाच ट्रू लाइज पण फोर-के डिस्कवर आला, त्याची जुनी डीव्हीडी १९९९ ची होती. त्याचं मास्टर एआयची मदत घेऊन साफ केलं होतं. इतकी वर्षं वाट बघणाऱ्या लोकांनी लावून बघितलं तर चेहऱ्यांची कातडी मेणासारखी गुळगुळीत, फिल्मचा दाणा गायब, केस एकमेकांना चिकटलेले, अशी भरपूर ओरड झाली. सगळ्यात भारी डिस्क, सगळे ठिपके जागच्या जागी, आणि माणूस मात्र पुतळा. फॉरमॅटने काय दिलं मग? घासून पुसून सगळं लख्ख करायच्या नादात जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या कॅसेटवर आणताना काही ठिकाणी खरखर काढता काढता गळ्यातली धारही काढली गेली होती, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता वहिनीचा मुद्दा, ओटीटीचा. सोय मोठी आहे, मीही रोज वापरतो. पण दोन गोष्टी. ओटीटीलाही माल त्याच मास्टरवरून जातो, त्यामुळे जुन्या सिनेमाचं मास्टर जुनं असेल तर ॲपवरही पांढरंच आभाळ दिसतं, फक्त तिथे हातात डबा नसल्यामुळे तक्रार कशाची करायची तेही कळत नाही. आणि दुसरं, ते आपलं नसतं. २०२३ च्या मे महिन्यात डिस्ने प्लसने विलो ही स्वतःची मालिका, येऊन सहा महिने होतात न होतात तोच काढून टाकली. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच लागू झालाय की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही मालकी देत नाही, परवाना देताय, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. सरकारला कायदा करावा लागला यातच सगळं आलं. डिस्कचंही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून सडल्या, लावल्या की अडकतात, आणि हे कंपनीने २०२५ मध्ये मान्य केलं. बाजारही आटतोय, नेटफ्लिक्सने डीव्हीडी पोस्टाने पाठवणं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं, बेस्ट बाय या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने डिस्क हटवल्या, डिस्नेने आपला अमेरिकेतला डिस्कचा धंदा सोनीकडे सोपवला. पण नेमकं म्हणूनच जी डिस्क निघेल ती नीट मास्टरवरून निघावी असं नको का वाटायला? कदाचित त्या सिनेमाची ती शेवटची डिस्क असेल.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर आपल्याकडे काय झालं ते आठवा. आपण डीव्हीडीच्याही खालच्या पायरीवर जास्त काळ राहिलो, व्हीसीडीवर. ३५२ बाय २८८ चं चित्र, सिनेमा दोन डिस्कमध्ये, मध्यंतराच्या आसपास उठून दुसरी लावायची. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा रस्त्यावरच्या चोरट्या प्रतीपेक्षा खरी प्रत स्वस्त झाली, आणि घराघरांत पहिल्यांदा सिनेमांचा साठा झाला. ते चांगलंच होतं, मी त्याला कधी नावं ठेवणार नाही. बाबांचं अर्धं कपाट अजून त्यानेच भरलंय. पण त्या स्वस्ताईत मास्टरकडे लक्ष कोणी दिलं? बाबांकडे एका जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाची व्हीसीडी आहे, कंपनीचं नाव घेत नाही, त्यात चित्राच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत कंपनीचा शिक्का आहे आणि एका अख्ख्या गाण्यात नायिकेचं कपाळ फ्रेमच्या बाहेर कापलं गेलंय. मग डिस्कचा धंदा बुडाला, मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत संपली, आणि आज तोच सिनेमा यूट्यूबवर बघायला गेलं तर तेच कापलेलं कपाळ, तोच शिक्का, वर चॅनलचा आणखी एक नवा शिक्का. फॉरमॅट तीन वेळा बदलला, आड तोच राहिला.

आणि आपला आड किती उथळ आहे हे पुणेकरांना तरी सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये इथेच आग लागून नायट्रेटच्या फिल्मची रिळं जळाली, त्यात प्रभातच्या काही चित्रपटांची मूळ रिळंही गेली. जे उरलंय ते राष्ट्रीय फिल्म संग्रहालयासारख्या ठिकाणी आणि निर्मात्यांच्या वारसांच्या गोदामांत आहे, दर पावसाळ्यागणिक थोडं थोडं कमी होत असणार. जपायचं कसं ते आपल्याला येत नाही असं नाही. श्याम बेनेगलांचा मंथन, गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या पैशांतून १९७६ साली बनलेला, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने फोर-केला दुरुस्त केला, २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्या थिएटरांतही लागला. मी तो पडद्यावर बघितला तेव्हा स्मिता पाटीलच्या साडीचा पोत दिसत होता, इतकी वर्षं टीव्हीवर बघून मला तो रंग वेगळाच वाटायचा. असं काम झालेला सिनेमा उद्या कोणी साध्या डीव्हीडीवर काढून खेड्यातल्या वाचनालयात ठेवला तर मी आनंदाने टाळ्या वाजवीन. ज्या सिनेमाचं काम झालंच नाही तो एट-केवर आणला तरी मी घेणार नाही.

म्हणून स्टुडिओंकडे मागायचंच असेल तर "डीव्हीडी बंद करा" हे मागू नका. एकच ओळ मागा. डब्याच्या मागे छापा की मास्टर कुठल्या साली केलं, कशावरून केलं, मूळ निगेटिव्ह की नंतरची प्रत, आणि स्कॅन किती 'के'चा, टू-के की फोर-के. बिस्किटाच्या पुड्यावर पॅकिंगची तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते, हजार-दीड हजाराच्या डिस्कवर का नको? हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये, निवडक सिनेमे डिस्कवर काढणारे अमेरिकेतले क्रायटेरियनवाले त्यांच्या डिस्कसोबतच्या पुस्तिकेत नेमकी हीच माहिती वर्षानुवर्षं देतायत, कुठल्या फिल्मवरून उतरवलं, रंग कोणी तपासले, सगळं. म्हणजे माहिती असते, फाइलमध्ये नोंदलेली असते, बाकीच्यांना ती सांगायची नसते इतकंच. "डिजिटली रिमास्टर्ड" हे दोन शब्द मात्र सगळे छापतात, कारण त्यांचा काहीही अर्थ होत नाही, १९९८ ला डिजिटल टेपवर उतरवलेलंही डिजिटलच की. साल छापलं की गिऱ्हाईक स्वतः ठरवेल, आणि जुनं मास्टर विकणं आपोआप लाजेचं होईल. प्लास्टिकच्या कचऱ्याची ज्यांना काळजी आहे त्यांचंही यात भलं आहे, एकाच सिनेमाच्या तीन-तीन प्रती घ्यायची वेळ तरी येणार नाही.

आमच्याकडच्या दोन्ही डब्यांवर तेच दोन शब्द होते, निळ्या आभाळाच्या आणि पांढऱ्याच्याही. परवा रात्री भावाचा तिकडून मेसेज आला, दुकानात उभा होता, बाबांच्या आवडीचा तिसरा सिनेमा मिळाला होता. पाठोपाठ डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो. मी बोटांनी मोठा करून कोपरान् कोपरा वाचला. लांबी होती, रिजन होता, सबटायटल्सच्या भाषा होत्या, यंदाचं साल होतं ते नुसतं वितरणाच्या हक्कासमोर. खाली त्याने लिहिलं होतं, "मामाला घेऊ का हा?" बाबा शेजारी चष्मा लावून बसले होते, त्यांनी विचारलं, आभाळ निळं आहे का बघ. मी अजून फोटोच बघत होतो.